खिडकी उघडा

सकाळी भांडी आवरून मी सुनेच्या कॉम्प्युटरसमोर बसले, आमच्या वर्गाची वेबसाइट उघडली, तीत माझं पान उघडलं, आणि माझा मजकूर दिसतो न दिसतो तोच त्याच्यावर एक पांढरी चौकट येऊन बसली. आरशात बघत असताना मध्येच कुणी येऊन उभं राहावं, तसं झालं. चौकटीत लिहिलं होतं, तुमची वेळ संपली आहे, पुन्हा आत येण्यासाठी तुमचा पासवर्ड लिहा. मी पडद्यावर बोट ठेवून शब्द शब्द वाचला. आपल्याला वाचता आलं याचा आनंद मला अजूनही दर वेळी होतो, आणि तो एवढा असतो की वाचलेल्याचा अर्थ त्याच्या मागून धापा टाकत येतो. अर्थ पोचेपर्यंत माझ्या बोटांनी पासवर्ड लिहूनही टाकला होता. चौकट गेली. मजकूर जिथल्या तिथे होता, खालचा अभिप्रायही होता. मी तो पुन्हा एकदा वाचला आणि कपडे वाळत घालायला उठले. पण मनगटात काहीतरी राहून गेलं. मी मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात इस्त्री करायचे, तिथे कधी कधी चादरीखाली एखादी टाचणी राहिलेली असायची. डोळ्याला दिसायची नाही, पण इस्त्री तिच्यावरून गेली की मनगटाला कळायचं. तसंच. दोरीवर चिमटे लावताना मी दोनदा थांबले आणि आत बघितलं. कॉम्प्युटर नुसता उजळून बसला होता.

आमच्या वर्गाबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी असं का केलं ते कळायचं नाही. वाचनालयाच्या मागच्या खोलीत हा वर्ग भरतो. सगळे उतारवयातले, केस पिकल्यावर अक्षरांच्या वाटेला गेलेले. शिकवायला एक बाई आहेत, आमच्या लेकीच्या वयाच्या, आणि आम्ही त्यांना बाई म्हणतो, त्या आम्हाला मावशी आणि काका म्हणतात. त्यांची शिकवायची रीत वेगळी. त्या बोलत नाहीत. फळ्यावर एक वाक्य लिहितात आणि हात झटकून बाजूला उभ्या राहतात. ज्याला वाचता येईल त्यानं ते मोठ्यानं म्हणायचं नाही, उठून करून दाखवायचं. दार लावा. टेबलावरचा पेला उचला. शेजाऱ्याला नमस्कार करा. मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य ‘खिडकी उघडा’ हे आहे. कितीतरी वेळ ते माझ्यासमोर नुसत्या रेघोट्या होऊन पडलं होतं, ‘ख’ची गाठ सुटत नव्हती, आणि मग एकदम ते आतून बोललं. मी उठले. खुर्ची पडली ती उचलायलाही थांबले नाही. कडी गंजलेली होती, ती दोन्ही अंगठ्यांनी वर सारली, आणि बाहेरची हवा आत आली तेव्हा मला वाटलं, ही मी वाचून आणली. मागे बसलेला, आमच्याच वर्गातला रंगारी म्हणाला, आता ही बाई थंडीतही सगळ्यांना कुडकुडवणार. पुढे आमची त्यात स्पर्धा लागली. फळ्यावर खडू टेकला की आमच्या मांड्या खुर्चीवरून उचलल्या जायच्या. जो आधी उठेल तो हुशार.

आणि मला तर लिहिलेल्याप्रमाणे वागायची सवय अक्षरं येण्याच्याही आधीपासूनची. धुलाईखान्यात भिंतीवर सूचना लागायच्या. त्या लागल्या की मी आधी बाकीच्यांकडे बघायची. सगळ्या जणी डोक्याला फडकं बांधू लागल्या की मीही बांधायची, सगळ्या डाव्या दारानं जाऊ लागल्या की मी डाव्या दारानं. एवढ्या वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही. न वाचता पाळणारी माणसं सगळ्यांत शिस्तीची असतात, त्यांना शंका काढायला जागाच नसते. वाफेनं भिंतीला पाणी सुटायचं, सूचनांचे कागद ओले होऊन गळून पडायचे, आणि त्या पडल्यावरही मी त्या पाळत राहायची, कारण त्या काढून टाकल्यात हे सांगणारा कागदही मला वाचता आला नसता.

घरी मात्र वाचणारा माणूस होता. हे वेल्डिंगचं काम करायचे. संध्याकाळी हातपाय धुऊन वर्तमानपत्र घेऊन बसायचे आणि मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. मी समोर बसून त्यांचे शर्ट इस्त्री करायची. दिवसभर परक्यांच्या चादरींवरून हात फिरवला तरी घरच्या शर्टाला वेगळा हात लागायचा. वाचताना त्यांचा उजवा अंगठा ओळीखालून सरकायचा, ओळ संपली की टुणकन उडी मारून परत डावीकडे. तो अंगठा मला पाठ होता. ठिणग्यांनी भाजून त्याचं नख काळं झालेलं होतं. मी बातमी ऐकायची आणि बघायची तो अंगठा. वर्गाच्या वेबसाइटवर प्रत्येकाला एकेक पान मिळालं तेव्हा मी त्याच्यावर हेच लिहिलं. हे कसे वाचायचे, अंगठा कसा चालायचा, आणि आजारपणात, वेल्डिंगनं आधीच दमलेले डोळे साखरेनं पुरते गेले तेव्हा, एका संध्याकाळी ते वर्तमानपत्र धरून तसेच वाचत होते पण अंगठा हलत नव्हता. तिथे मी थांबले होते. त्याच्या पुढचं लिहायला बसलं की हात जड व्हायचा. आणि तिथेच खाली कुणा अनोळखी माणसाचा अभिप्राय आला होता, फार छान लिहिलंय, पुढे काय झालं? माझ्या जन्मात मला पहिल्यांदा कुणी लिहून काही विचारलं होतं. मी तो अभिप्राय रोज वाचायची. भाजी निवडता निवडता उठून वाचायची. उत्तर द्यायचं ठरलेलं होतं, फक्त हात हलका व्हायची वाट बघत होते.

ती चौकट आली त्याच दुपारी रंगाऱ्याचा फोन आला. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या भिंती रंगवण्यात गेलेला हा गडी, तोंडाचा फटकळ, मला इस्त्रीबाई म्हणतो. त्यानं विचारलं, तुम्हालाही वेळ संपल्याचं लिहून आलं का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, मी म्हटलं आम्हाला माहीत आहे बाबा, सारखी आठवण कशाला देतोस, आणि पासवर्ड लिहून मोकळा झालो. आम्ही दोघं हसलो. वर्गातल्या सगळ्यांनीच लिहिला होता. लिहून आलं होतं, वाचता आलं होतं, मग करायचं नाही तर काय? हसणं दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं. त्यानं आपल्या पानावर रंगांबद्दल लिहिलं होतं, लेकीच्या नव्या घराची भिंत स्वतः कशी रंगवली, कोणत्या रंगात काय मिसळलं. सकाळी ते सगळं गेलं आणि त्याच्या जागी, त्याच्या नावाखाली, बायकांबद्दल असलं काही आलं की ते वाचणाऱ्याला आंघोळ करावीशी वाटेल. दूर गावी राहणाऱ्या त्या लेकीनंच ते आधी वाचलं. तिनं बापाला फोन करून एवढंच विचारलं, बाबा, तुम्ही लिहायला शिकलात ते यासाठी का? हे त्यानं मला सांगितलं तेव्हा तो फटकळ नव्हता. नंतर तिला खरं काय ते पटलं. पण म्हणाला, तिच्या घरची ती भिंत आता माझ्या डोळ्यांसमोर येत नाही, ते शब्दच येतात.

वेबसाइट माझ्या सुनेनं उभी करून दिली होती. मुलगा परदेशी कामावर, घरात आम्ही दोघीच. ती ऑफिसात हेच काम करते, लोकांच्या वेबसाइट चालवते, आणि आमची तिनं हौसेनं, फुकट केलेली. त्या संध्याकाळी ती ऑफिसातून आली ती चपला काढायच्या आधी कॉम्प्युटरशी बसली. मी पाणी ठेवलं, ते तसंच राहिलं. बऱ्याच वेळानं ती वळली आणि म्हणाली, “आई, तुमच्या पानावरचा तो अभिप्राय. त्याच्यातून झालं सगळं.”

मग तिनं नीट समजावलं. अभिप्रायाच्या रकान्यात माणूस जे लिहील ते पानावर नुसती अक्षरं म्हणून दिसायला हवं. या सॉफ्टवेअरमध्ये तिथे भोक राहिलं होतं. त्या माणसानं दोन गोड वाक्यं लिहिली आणि त्यांच्या पाठीला कॉम्प्युटरच्या भाषेतला एक हुकूम चिकटवला. आम्हाला दिसली ती गोड वाक्यं. हुकूम दिसला नाही, तो पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरकडे गेला आणि त्या बिचाऱ्यानं तो आपल्याच वेबसाइटनं दिलाय असं समजून पाळला. आधी काही दिवस तो नुसता कोण कोण येतं ते बघत राहिला, मग त्या सकाळी ती चौकट काढ म्हटलं, काढली. पासवर्ड इकडे पाठव म्हटलं, पाठवला. बाईंनीही माझं पान उघडलं होतं, आणि बाईंकडे सगळ्या पानांची किल्ली, तीही गेली.

“म्हणजे त्यानं लिहिलं,” मी म्हटलं, “आणि यानं वाचायच्या ऐवजी करून टाकलं.”

ती म्हणाली, “हो. एवढंच.”

“आमच्यासारखंच की.”

ती हसली नाही. म्हणाली, दुरुस्ती आधीच आली होती. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी पाठवली होती, अपडेट लावा म्हणून तिच्या पडद्यावर कोपऱ्यात रोज दिसत होतं. पण मागच्या अपडेटच्या वेळी आमच्यासाठी मुद्दाम मोठी केलेली अक्षरं एकाएकी बारीक झाली होती, आणि वर्गातल्या सगळ्यांनी मिळून तिला वैताग आणला होता. रंगाऱ्यानं तर सांगितलं होतं की मुंगीची पावलं वाचायला आम्ही शिकलेलो नाही. म्हणून या वेळी आधी अक्षरांचं बघू, मग लावू, असं म्हणत तिनं ते पुढे ढकललं. आमच्या डोळ्यांना जपायला गेली आणि दार उघडं राहिलं. हे सांगताना तिचा आवाज अगदी सपाट झाला होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. इस्त्री केलेल्या कापडासारखी ताठ होती पाठ. ती म्हणाली, आता हे बंद करते, आई, मला नाही झेपायचं, उद्या अजून कुणाच्या लेकीनं काही वाचलं तर? तुम्ही वहीत लिहा ना, मी छान जाड वही आणते. मी म्हटलं, वहीला कोण विचारणार आहे पुढे काय झालं म्हणून? आणि बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की इथेही कुणी विचारलं नव्हतं. ते आमिष होतं. गळाला लावलेलं गांडूळ, ते मी रोज उठून पाहायला जात होते, आणि दर वेळी पाहिलं की तो हुकूम पुन्हा सुटत होता. आमच्या वर्गातली सगळी माणसं माझ्याच पानावरून गेली होती. ही गोष्ट मला त्या जेवणात घासाबरोबर खाली ढकलावी लागली. ती गेली नाही. छातीच्या मधोमध बसली.

दोन-तीन दिवस मी कॉम्प्युटरकडे गेले नाही. उगाच घरातले सगळे कपडे काढून इस्त्री करत बसले, अगदी पुसायची फडकीसुद्धा. वाफ तोंडावर आली की ती संध्याकाळ यायची. ते पलंगावर उशीला टेकून बसलेले. हातात वर्तमानपत्र. आवाज नेहमीचा, बातमी सांगतानाचा, थोडा सरकारी. एका गावात नदीवर पूल झाला आणि पलीकडच्या म्हातारीनं पहिल्यांदा अलीकडचं गाव पाहिलं. एका प्राणिसंग्रहालयात पाणघोडी व्यायली. आणि अंगठा कागदाच्या कडेला तसाच, न हलता. मला अक्षर येत नव्हतं पण अंगठा येत होता. हे मनचं सांगतायत, मला तिथल्या तिथे कळलं. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि शर्टाची बाही सरळ करत राहिले, पुष्कळ वेळ, एकच बाही. आता पुढे काय करायचं हे कुठल्या भिंतीवर लिहिलेलं नव्हतं, कुणाकडे बघून करायची सोय नव्हती. मी म्हटलं, मग त्या म्हातारीचं काय झालं? त्यांनी पान उलटलं. खरंच उलटलं, आणि पुढची बातमी सांगितली. त्यानंतर ते गेले तोवर रोज संध्याकाळी आम्ही ते वर्तमानपत्र वाचलं, आणि मी रोज विचारत राहिले, पुढे काय झालं? हे मला लिहायचं होतं. मी कुणाला फसवलं नव्हतं, त्यांनीही नाही. आम्ही दोघांनी मिळून त्या कागदाला जुमानलं नव्हतं, एवढंच. फडकी इस्त्री करता करता मला दिसलं की मला तो प्रश्न का एवढा लागला होता. तो माझाच होता. कुणा चोरानं नकळत माझ्या हातात परत ठेवला होता. इस्त्रीची तार काढली आणि सुनेला म्हटलं, ते भोक बुजवता येतं ना? मग बुजव. बंद करायचं नाही.

ती कुरकुरली, पण बसली. मला वाटतं तिलाही कुणीतरी असं म्हणायला हवं होतं. अपडेट लावलं, सगळ्यांचे पासवर्ड बदलले, किल्ल्या बदलल्या, पानं जुन्या साठ्यातून परत आणली, रंगाऱ्याची भिंतसुद्धा. अक्षरं पुन्हा बारीक झाली होती, ती मोठी करण्यात तिची सबंध सुट्टी गेली. तो अभिप्राय ती पुसायला निघाली तेव्हा मी म्हटलं, आधी मला दाखव. ती म्हणाली, बघा, आता काही करू शकत नाही तो. पडद्यावर माझा मजकूर, त्याच्या खाली फार छान लिहिलंय, पुढे काय झालं, आणि त्याला लागून, इतके दिवस न दिसलेलं, एक लांबलचक शेपूट. कंस, टिंबं, तिरक्या रेघा, परकी अक्षरं. तोच हुकूम. आता तो नुसता लिहिलेला होता. कॉम्प्युटर त्याच्याकडे बघत स्वस्थ बसला होता, चौकट नाही, काही नाही. मेलेल्या सापाकडे पोरं बघतात तसं मी वाकून बघितलं. मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं, आणि त्यानं काही बिघडत नव्हतं. मग ती म्हणाली पुसू, आणि मी म्हटलं पूस.

पण बंद करायचं की नाही हे आमच्या दोघींच्या हातात नव्हतं. वाचनालयाच्या व्यवस्थापकांनी बाईंना सांगितलं होतं, वर्गाची एकमतानं संमती घ्या आणि ती वेबसाइट बंद करा, कटकट नको. एकाचीही हरकत असेल तर मात्र चालू ठेवावी लागेल, तसा वाचनालयाचा नियमच आहे, पण अशी हरकत कोण घेणार? वर्गाला मी जरा लवकर गेले. एकेक जण येत होता आणि खाली बघून बसत होता, जणू आम्ही सगळे परीक्षेत नापास झालो होतो. कुणी म्हणालं, आपल्याला कशाला हवं होतं हे थेर. कुणी म्हणालं, शिकलेल्यांचा खेळ आहे तो. खोली कोंदट झाली होती. रंगारी माझ्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, तुमचं पान वाचायला आलो आणि घर लुटवून बसलो, इस्त्रीबाई. चेष्टाच केली होती, पण मध्ये कुठेतरी ती उसवली. मी त्याला सांगितलं की तुमची भिंत परत आलीये. तो म्हणाला, पाहिली. मग म्हणाला, पुन्हा कुणी थुंकलं तर? मी म्हटलं, तर पुन्हा रंगवा, आयुष्यभर दुसरं काय केलंत? त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या रंगाच्या बादलीत पाणी ओतलं होतं.

बाई आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते, त्यांच्याच किल्लीनं सगळं झालं होतं हे त्यांना कुणी विसरू दिलं नसणार. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, वेबसाइट बंद करावी असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करावा. लिहून हात झटकले आणि बाजूला उभ्या राहिल्या, रोजच्यासारख्या.

हात वर गेले. मला वाटतं शेवटचे शब्द तेवढे वाचले गेले असतील. जो आधी करेल तो हुशार. रंगाऱ्याचा हात वर, पुढच्या रांगेतले सगळे वर, आणि माझाही. माझं कोपर टेबलावरून सुटलं होतं. ते मला खांद्यात जाणवलं, वजन नसल्यासारखं, आपोआप. सगळ्या जणी डाव्या दारानं. मी कोपर परत टेकवलं. मग फळ्याकडे बघून वाक्य पहिल्यापासून वाचलं, बोट न ठेवता, मनातल्या मनात, ‘ज्यांना वाटते’ इथे थांबून. अर्थ पोचेपर्यंत वाट पाहिली. तो धापा टाकत आला, पण आला. मी दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवले, चादरीवर ठेवायचे तसे, आणि तसेच ठेवले.

बाईंनी हात बघायला सुरुवात केली आणि माझ्यापाशी थांबल्या. त्यांना वाटलं मला वाक्य लागलं नाही. खडूचं टोक पहिल्या शब्दाखाली ठेवून त्या हळूच म्हणाल्या, “मावशी, वाचता येतंय ना?”

“वाचलं, बाई.”

“मग?”

“वाचलं,” मी म्हटलं. “करणार नाही.”

खोलीत कुणाची तरी खुर्ची करकरली. सगळ्यांचे हात वरच होते, खाली घ्यायचं फळ्यावर लिहिलेलं नव्हतं. रंगाऱ्यानं आपल्या वरच्या हाताकडे मान वळवून बघितलं, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मग त्या हातानं डोकं खाजवलं, आणि खाजवून झाल्यावर तो हात परत वर गेला नाही. बाई फळ्याकडे वळल्या. त्यांच्या पाठीवरून मला कळेना त्या रागावल्यात की काय. डस्टर त्यांच्या हातात होतं, पण त्या लगेच पुसत नव्हत्या, त्याही ते वाक्य पुन्हा वाचत होत्या. छातीच्या मधोमध बसलेलं अजून तिथंच होतं, पण आता त्याच्या बाजूनं श्वास जात होता. घरी गेल्यावर लिहायचं पहिलं वाक्य माझ्याजवळ तयार होतं. त्या म्हातारीनं पूल ओलांडला. खोलीत फार कोंडल्यासारखं होत होतं. मी उठले, गंजलेली कडी दोन्ही अंगठ्यांनी वर सारली आणि खिडकी उघडली.